वस्तीत मोबाइल टॉवर येतोय? हरकत कशी घ्यायची

टॉवरची बातमी वस्तीत बहुधा उशिराच पोहोचते. मोकळ्या प्लॉटवर चौकोनी खड्डा खणलेला दिसतो, नाहीतर समोरच्या गच्चीवर क्रेनने लोखंडी सांगाडा चढवताना दिसतो. मग वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत गदारोळ चालतो. पक्षी मेल्याचे जुने फॉरवर्ड फिरतात, कुणी सह्या गोळा करायला निघतं, कुणी थेट काम बंद पाडायची भाषा करतं. थोड्याच दिवसांत निम्मी माणसं गळतात आणि टॉवर उभा राहतो.

हा लेख आयुष्यात कधी कुठल्या कार्यालयात हरकत न नोंदवलेल्या माणसासाठी आहे. देशोदेशी नियम वेगळे असले तरी अर्ज, नोटीस, हरकत, सुनावणी, निर्णय, अपील हा क्रम पुष्कळ ठिकाणी सारखाच असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. टॉवरविरोधातल्या बऱ्याच हरकती आरोग्याच्या भीतीवर उभ्या राहतात आणि तिथेच कोसळतात. टिकतात त्या जागा, कागद आणि मुदत यांवर बेतलेल्या. त्यामुळे पुढे या तिन्ही गोष्टींवरच जास्त वेळ घालवला आहे.

पायरी १: येतंय काय, ते नीट ओळखा

'टॉवर' या एका शब्दाखाली बरंच काही येतं. जमिनीवरचा जाळीदार लोखंडी मनोरा, एकच जाड खांब, इमारतीच्या गच्चीवर उभे केलेले चार-पाच पोल, रस्त्याच्या दिव्याच्या खांबावर बसवलेला छोटा डबा. प्रत्येकाची परवानगी वेगळी, अंतराचे नियम वेगळे. छोट्या डब्यांना अनेक ठिकाणी जवळजवळ आपोआप परवानगी मिळते, तिथे मोठ्या मनोऱ्याविरुद्धचे मुद्दे चालत नाहीत.

मग माणसं ओळखा. साधारण चार पक्ष असतात: जागेचा मालक, सांगाडा उभारणारी कंपनी, त्यावर अँटेना लावणाऱ्या मोबाइल कंपन्या आणि परवानगी देणारी स्थानिक संस्था. सांगाड्याचा मालक आणि मोबाइल कंपनी पुष्कळदा वेगवेगळ्या असतात. तुमच्या फोनवर ज्या कंपनीचं नाव दिसतं तिच्या ग्राहक सेवेला तक्रार करून काही होत नाही, ते यामुळेच. अर्जदार कोण आहे ते अर्जावर बघा आणि पत्रव्यवहार त्याच नावाने करा.

(मध्येच एक सांगायला हवं. 'तुमच्या जागेवर टॉवर बसवू, भरपूर भाडं देऊ, आधी नोंदणीचे पैसे भरा' असं सांगून लुबाडणाऱ्या टोळ्या आहेत. खरी कंपनी जागामालकाला पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही. शेजाऱ्याला असा फोन आला असेल तर वस्तीत भांडण पेटण्याआधी अर्ज खरोखर दाखल झाला आहे का, एवढं तपासा.)

त्यानंतर अर्जाची पूर्ण फाईल मागा. नोटीस किंवा बातमी वाचून भागत नाही. फाईलमध्ये जागेचा नकाशा, उंचीचा आराखडा, अँटेनांची यादी, भार पेलण्याचा दाखला, जागामालकाची संमती आणि किरणोत्सर्ग मर्यादेत राहील असं प्रमाणपत्र असं साधारण असतं. माहिती अधिकाराचा कायदा असेल तिथे त्याखाली अर्ज करा, नाहीतर कार्यालयात जाऊन फाईल पाहायला मागा आणि प्रती काढा.

नकाशा हातात आला की पेन्सिल घेऊन बसा. उंची जमिनीपासून मोजली आहे की गच्चीपासून? वरची वीजरोधक सळई त्यात धरली आहे का? हद्दीपासूनचं अंतर टॉवरच्या मध्यापासून दाखवलंय की पायाच्या कडेपासून? जनरेटर कुणाच्या खिडकीखाली येतो? अँटेनांच्या तक्त्यात प्रत्येकीपुढे अंशांत एक आकडा असतो, समजा ०, १२०, २४०. ती उत्तरेपासून मोजलेली दिशा. एका टॉवरवर सहसा तीन बाजूंना तोंड केलेले तीन गट असतात. ते कोन नकाशावर ओढले की अँटेनेचं तोंड नेमकं कोणत्या घराकडे आहे ते कळतं. ढोलासारखी गोल डिश दिसली तर ती लोकांच्या फोनसाठी नसते, एका टॉवरहून दुसऱ्याकडे संदेश नेण्यासाठी असते.

पायरी २: मुदत शोधा आणि पोच घ्या

फाईल पूर्ण वाचून व्हायची वाट पाहू नका, हे काम त्याच दिवशी करा. कार्यालयात दोन प्रश्न विचारा. हरकत घेण्याची शेवटची तारीख कोणती? आणि त्या मुदतीत संस्थेने काहीच निर्णय घेतला नाही तर काय होतं? दुसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात. इंग्लंडमध्ये ठरावीक मर्यादेतल्या टॉवरसाठी स्थानिक नियोजन खात्याला ५६ दिवस असतात. त्यात खात्याने उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. म्हणजे तिथे खात्याचा आळस कंपनीच्या पथ्यावर पडतो. अमेरिकेत २००९ च्या नियमाप्रमाणे, आधीच उभ्या असलेल्या सांगाड्यावर अँटेना चढवण्याचा अर्ज ९० दिवसांत आणि नव्या टॉवरचा १५० दिवसांत निकाली काढणं अपेक्षित आहे, आणि निर्णयाविरुद्ध न्यायालयात जायला कायद्याने ३० दिवस दिले आहेत.

हरकतीचा मुद्दा कितीही जोरदार असला तरी तो मुदतीनंतर पोहोचला तर कुणी वाचत नाही. शेवटच्या दिवशी कार्यालयाचा शिपाई लवकर निघून गेला, सर्व्हर बंद होता, ही कारणं नंतर कुणी ऐकून घेत नाही. सगळे मुद्दे जमेपर्यंत थांबू नका. मुदतीत एक पानाची हरकत टाका, 'सविस्तर म्हणणं कागदपत्रं मिळाल्यावर सादर करू' असं त्यात लिहा, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ईमेल पाठवला असेल तर त्याचं उत्तर जपून ठेवा. पोच नसलेली हरकत घेतलीच नव्हती, असंच कार्यालय धरून चालतं.

पायरी ३: किरणोत्सर्गाचं काय करायचं

हा विषय टाळता येत नाही. शेजारी हाच प्रश्न विचारणार, तेव्हा तुम्हाला नीट उत्तर देता आलं पाहिजे.

मोबाइलच्या लहरी रेडिओ लहरींच्याच कुळातल्या. एक्स-रेसारखे अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचं तापणं, आणि मर्यादा त्याच आधाराने ठरल्या आहेत. आयसीएनआयआरपी ही आंतरराष्ट्रीय संस्था या मर्यादा सुचवते. तिने १९९८ मध्ये ठरवलेली आणि २०२० मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वं पुष्कळ देश वापरतात. सामान्य लोकांसाठी ९०० मेगाहर्ट्झला ४.५ वॉट प्रति चौरस मीटर ही १९९८ ची मर्यादा. काही देशांनी त्याहून कडक आकडे घेतले. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ती एक दशांशावर, म्हणजे ०.४५ वर आणली. स्वित्झर्लंडमध्ये घरं, शाळा अशा ठिकाणी एका टॉवरसाठी ४ ते ६ व्होल्ट प्रति मीटर अशी वेगळी मर्यादा आहे (एकक वेगळं आहे, वरच्या आकड्यांशी थेट ताडून पाहू नका).

कर्करोगाबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्यात. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना '२ब', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक', या गटात टाकलं. फॉरवर्डमध्ये हे वाक्य हमखास असतं. पण त्यामागचा मुख्य आधार कानाला लावून वर्षानुवर्षं फोन वापरणाऱ्यांवरचे अभ्यास हा होता, टॉवरजवळ राहणारे लोक नव्हेत. दुसरं म्हणजे, जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. टॉवरच्या लहरींबद्दल याच संघटनेने २००६ मध्ये सांगितलं होतं की निरनिराळ्या पाहण्यांत त्यांचं प्रमाण आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या ०.००२ ते २ टक्के एवढंच भरलं.

लोकांना न पटणारी आणखी एक गोष्ट आहे. टॉवरच्या अगदी खाली लहरी सहसा कमी असतात. अँटेना टॉर्चसारखी समोर झोत टाकते आणि तो झोत किंचित खाली झुकलेला असतो, त्यामुळे मुख्य झोत जमिनीला लागतो तो साधारण ५० ते ३०० मीटर दूर. तिथवर पोहोचेपर्यंत त्याची तीव्रता फार उतरलेली असते, कारण अंतर दुप्पट झालं की ती चौथाई होते. शिवाय टॉवर लांब गेला की आपल्या हातातला फोन त्याला गाठायला जास्त ताकदीने लहरी सोडतो, आणि फोन डोक्यापासून काही सेंटिमीटरवर असतो.

मग किरणोत्सर्गाचा मुद्दा सोडूनच द्यायचा? मांडायचा, पण 'आम्हाला भीती वाटते' या रूपात नाही. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने याबाबत स्थानिक संस्थांचे हात बांधलेले आहेत: टॉवर केंद्र सरकारच्या मर्यादेत बसत असेल तर लहरींच्या परिणामांचं कारण देऊन परवानगी नाकारता येत नाही. इंग्लंडचं नियोजन धोरणही स्थानिक खात्याला स्वतःची आरोग्य मर्यादा लावू देत नाही. अशा ठिकाणी अधिकाऱ्याने आरोग्याचं कारण लिहून तुमच्या बाजूने निकाल दिला, तर तोच निकाल अपिलात सर्वांत आधी उलटतो. तुमचं भलं करायला गेलेल्या अधिकाऱ्याकडून तुमचंच नुकसान व्हायचं.

जे मागता येतं ते मागा. मर्यादेचं प्रमाणपत्र आहे का, ते किती अँटेनांसाठी काढलं आणि अर्जात किती अँटेना आहेत? अँटेनेच्या समोर काही मीटरचा जो भाग माणसांसाठी बंद ठेवायचा असतो तो कुठवर येतो? गच्चीवरच्या टॉवरसाठी हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. समोरच्या उंच इमारतीची बाल्कनी अँटेनेच्या पातळीत असेल, किंवा त्याच गच्चीवर लोक कपडे वाळत घालायला आणि पाण्याची टाकी साफ करायला जात असतील, तर तो खराखुरा, मोजता येणारा मुद्दा आहे.

मोजणी करायची तर टॉवर उभा राहण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच जागी, मान्यताप्राप्त संस्थेकडून. फ्रान्समध्ये रहिवाशांना अशी मोजणी विनामूल्य मागता येते, जर्मनीत टॉवरच्या जागांचा सरकारी नकाशा सर्वांना खुला आहे, भारतात २०१७ मध्ये त्यासाठी 'तरंग संचार' पोर्टल सुरू झालं. ऑनलाइन मिळणारं स्वस्त यंत्र घेऊन स्वतः आकडे काढलेत तर सुनावणीत कंपनीचा इंजिनिअर पहिल्याच मिनिटाला ते उडवून लावतो. आणि अहवाल वाचताना एकक पाहा. व्होल्ट प्रति मीटरमध्ये मर्यादेच्या १० टक्के म्हणजे शक्तीच्या हिशेबात १ टक्का, कारण शक्ती वर्गाच्या प्रमाणात बदलते. दोन अहवालांतले टक्के एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून 'घोटाळा' ओरडण्याआधी एवढं बघून घ्या.

पायरी ४: टिकणारे मुद्दे

पहिला भार. गच्चीवरच्या टॉवरमध्ये वजन फक्त पोलचं नसतं. बॅटऱ्या, वीजपुरवठ्याची कपाटं, केबल आणि त्यावर वाऱ्याचा जोर. हा भार कॉलमवर उतरवला आहे की नुसत्या स्लॅबवर, हे आराखड्यात दिसायला हवं. दाखला कुणी दिला, कोणत्या तारखेचा, त्याने प्रत्यक्ष इमारत पाहिली का, की जुन्या नकाशावरून हिशेब केला? दाखला सहा अँटेनांचा आणि अर्ज नऊ अँटेनांचा, असं काही सापडलं तर अर्ज तिथेच थांबवता येतो. इमारत जुनी असेल तर स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा. या लढ्यात पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा.

दुसरा अंतर. टॉवर कोसळला तर कुठवर येईल? उंचीएवढं किंवा उंचीच्या ठरावीक पटीत अंतर घरांपासून सोडावं असा नियम अनेक स्थानिक संस्थांत असतो. टेप घेऊन प्रत्यक्ष मोजा. नकाशात न दाखवलेलं घर, नंतर बांधलेली खोली, अंगणवाडी, खेळाचं मैदान असं काही निघतंच.

आवाज हा दुर्लक्षित मुद्दा. कपाटातले पंखे रात्रभर गुणगुणतात. दिवसा ते जाणवत नाही, रात्री दोन वाजता उशाशी ऐकू येतं. डिझेल जनरेटर असेल तर वीज नसतानाचा आवाज, धूर आणि डिझेल साठवण्याची व्यवस्था याबद्दल लेखी विचारा.

मालकी आणि संमती: गच्ची सामाईक असेल तर एकट्या दुकट्याची संमती पुरते का? ठराव झाला त्या सभेची नोटीस सगळ्यांना गेली होती का? इतिवृत्त मागा.

दिसण्याबद्दल मात्र जपून. 'घाणेरडं दिसेल' हे म्हणणं कुणी मोजत नाही, पण 'इतक्या उंचीचा खांब या या घरांच्या खिडक्यांतून, या कोनातून दिसेल' हे मोजतात. कंपनी जोडते ती 'टॉवर उभा राहिल्यावर असं दिसेल' अशी चित्रं हमखास झाडाआडून किंवा लांबून काढलेली असतात. फोटो कुठे उभं राहून काढला, ते विचारा. त्याहून चांगलं म्हणजे फुग्याची चाचणी मागा. साधारण मीटरभर रुंदीचा, भडक रंगाचा फुगा दोरीने टॉवरच्या उंचीवर सोडतात. ती सकाळी लवकर, वारा पडलेला असताना करायला सांगा, नाहीतर फुगा कलतो आणि उंची कमी भासते. तारीख आधी जाहीर झाली की प्रत्येक घरातून फोटो काढा, खिडकीची चौकट फोटोत येऊ द्या, आणि फोटोच्या मागे घर, मजला आणि वेळ लिहा. अमेरिकेत ही चाचणी बऱ्याच ठिकाणी होते. स्वित्झर्लंडमध्ये तर कोणत्याही बांधकामाआधी त्याची उंची दाखवणारे बांबूसारखे खांब जागेवर उभे करायची पद्धत आहे.

घराची किंमत पडेल, हा मुद्दा सगळे घेतात. पुरावा नसेल तर तो ओळभर लिहून सोडून द्या.

पायरी ५: 'नको' म्हणण्यापेक्षा 'तिथे करा' म्हणा

मला विचाराल तर सगळ्या लेखातली ही सर्वांत कामाची पायरी आहे, आणि सर्वांत कमी केली जाणारी. अधिकाऱ्यापुढे एका बाजूला 'लोकांना सिग्नल हवा' म्हणणारी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला 'नको' म्हणणारे रहिवासी असतील, तर तो कंपनीच्या बाजूने जातो. दुसऱ्या बाजूला तीन पर्यायी जागांची यादी असेल तर कंपनीला त्या का चालत नाहीत हे सांगावं लागतं.

कंपनी जागा शोधते तेव्हा टॉवर ज्याच्या आत हवा असतो असं एक वर्तुळ नकाशावर ठरलेलं असतं. ते वर्तुळ लेखी मागा. मग दोघं-तिघं जाऊन त्यातल्या उंच गोष्टी टिपा: पाण्याची टाकी, कारखान्याची शेड, कार्यालयांची इमारत, आधीपासून असलेला दुसऱ्या कंपनीचा टॉवर. असलेल्या टॉवरवरच अँटेना चढवणं हा अधिकाऱ्यांनाही आवडणारा पर्याय असतो. प्रत्येक जागेचा फोटो, अंदाजे उंची आणि मालकाचं नाव लिहा. मालकाला आधी विचारून 'भाड्याने द्यायला तयार आहे' असं दोन ओळींचं पत्र आणता आलं तर सोन्याहून पिवळं.

सिग्नल खरंच कमी आहे का, तेही आपण तपासावं. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. उणे ९० च्या आसपास असेल तर चांगली, उणे ११० च्या पलीकडे गेली तर अशक्त, असं ढोबळमानाने धरा. वस्तीत वेगवेगळ्या ठिकाणी, घरात आणि बाहेर, आकडे लिहून घ्या. आकडे खराब निघाले तर 'टॉवरची गरजच नाही' हा मुद्दा प्रामाणिकपणे सोडून द्या आणि जागेवर भर द्या. आकडे चांगले निघाले तरी कंपनी म्हणू शकते की सिग्नल आहे, पण गर्दीच्या वेळी जोडण्या पुरत नाहीत. त्याचेही पुरावे दाखवायला सांगा.

पायरी ६: माणसं जमवा

वस्तीत सगळे विरोधात नसतात. कुणी घरून काम करतो आणि रोज कॉल तुटतो म्हणून वैतागलेला असतो. कुणाला म्हाताऱ्या आईसाठी रात्री-अपरात्री फोन लागायला हवा असतो. त्यांना देशद्रोही ठरवू नका. 'टॉवर हवा, पण टाकीजवळ' हे ते सहज मान्य करतात आणि मग त्यांच्या सह्या तुमच्या कागदावर येतात. जागा देणाऱ्या शेजाऱ्याशीही सुरुवातीलाच, दोघांनीच जाऊन बोला. 'काका, करार झालाय का, त्यातून बाहेर पडायची सोय आहे का, एवढं बघू द्या' असं विचारलं तर माणूस कागद दाखवतो. वीस जण घेऊन दारात गेलात तर वकील दाखवतो.

कामं वाटून घ्या. एकाने कागद आणि तारखा सांभाळाव्या, एकाने मोजमापं आणि फोटो, एकाने बोलावं. बोलणारा माणूस एकच असावा आणि तो सर्वांत रागीट नसावा. रोग पसरण्याच्या अफवा, ५जीचे कट, तोडफोड यांपासून लांब राहा. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ५जीमुळे कोरोना पसरतो या अफवेवरून लोकांनी टॉवर पेटवले, बर्मिंगहॅममधल्या कोरोना रुग्णालयाला सेवा देणारा टॉवरही त्यात जळाला. त्यानंतर साधी, रास्त हरकत घेणाऱ्यांकडेही लोक त्याच नजरेने पाहू लागतात.

पायरी ७: पत्र आणि सुनावणी

सह्यांचा एकच कागद देण्यापेक्षा घराघरातून वेगळी पत्रं गेली तर बरं, कारण एका कागदावरच्या दोनशे सह्या अनेकदा एकच हरकत म्हणून मोजल्या जातात. पत्रात अर्ज क्रमांक, जागा, तुमचं घर तिथून किती मीटरवर, मग मुद्दे. एका मुद्द्याला एक परिच्छेद आणि शेवटी नेमकी मागणी.

असं लिहू नका: 'या विनाशकारी टॉवरमुळे आमच्या मुलाबाळांच्या जिवाशी खेळ होणार असून आम्ही हे कदापि सहन करणार नाही.'

असं लिहा: 'अर्जासोबतच्या आराखड्यात टॉवरची उंची ३० मीटर आणि हद्दीपासूनचं अंतर १२ मीटर दाखवलं आहे. माझं घर हद्दीला लागून आहे. स्थानिक नियमानुसार आवश्यक अंतर सुटलेलं नाही. अर्ज फेटाळावा, किंवा टॉवर प्लॉटच्या उत्तर टोकाला हलवण्याची अट घालावी.'

दुसरं पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर काहीतरी लिहावंच लागतं.

सुनावणीत बोलायला काहीच मिनिटं मिळतात. घड्याळ लावून घरी म्हणून बघा. तीनच मुद्दे, प्रत्येकाला एक कागद, आणि तो कागद अधिकाऱ्याच्या हातात. कंपनीच्या माणसाने 'सगळं नियमात आहे' म्हटलं की शांतपणे विचारा, 'कोणत्या पानावर?' त्याने दिलेलं आश्वासन इतिवृत्तात नोंदवायला सांगा.

आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तरी त्यातली कारणं लेखी आहेत का ते पाहा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या रॉसवेल शहराच्या कौन्सिलने २०१० मध्ये निवासी भागातला १०८ फुटांचा, झाडाच्या वेशातला टॉवर नाकारला. अर्जदार टी-मोबाइलला नकाराचं पत्र दोन दिवसांत गेलं, पण त्यात कारणं नव्हती. ती ज्या इतिवृत्तात होती ते आलं जवळजवळ चार आठवड्यांनी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये निकाल लागला: कारणं लेखी, आणि नकारासोबतच किंवा जवळपास त्याच वेळी द्यायला हवी होती. शहर हरलं. टॉवर नको असलेल्या रहिवाशांना जवळजवळ पाच वर्षांनी हे ऐकावं लागलं.

पायरी ८: टॉवर येणारच असेल तर अटी

सगळे लढे जिंकता येत नाहीत. वारं कुणीकडे वाहतंय ते कळलं की अटींची यादी पुढे करा. टॉवर प्लॉटच्या दुसऱ्या कोपऱ्यात, उंची कमी, अँटेनेची दिशा शाळेच्या किंवा समोरच्या बाल्कनीच्या रोखाने नको, जनरेटरला आवाजरोधक आवरण, त्याची चाचणी दिवसा, कुंपण आणि कुलूप, संकटकाळी फोन करायचा क्रमांक फाटकावर, दर वर्षी मोजणीचा अहवाल रहिवाशांना.

पुढे उंची वाढवण्याबद्दल आत्ताच बोला. अमेरिकेत २०१२ च्या कायद्यानुसार असलेल्या टॉवरमध्ये 'फार मोठा' नसलेला बदल नाकारता येत नाही, आणि सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीबाहेरच्या टॉवरला १० टक्के किंवा सुमारे २० फूट यांपैकी जे जास्त असेल तेवढी भर त्यात बसते. आज मान्य केलेला ३० मीटरचा खांब उद्या ३६ मीटरचा होऊ शकतो. तुमच्याकडे अशी तरतूद आहे का, ते विचारून मगच उंचीला हो म्हणा.

शेवटची अट लोक विसरतातच. भाडेकरार संपला किंवा कंपनी निघून गेली तर सांगाडा कोण काढणार आणि किती दिवसांत? गंजलेला, कुणाचाच नसलेला टॉवर काढायला कार्यालय पैसे शोधत बसतं. ती रक्कम परवानगी देतानाच कंपनीकडून अनामत म्हणून ठेवून घ्यायला सांगा, आणि तशी ओळ परवानगीपत्रात आली आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.